फ्लॅटमध्ये गँग-गँग काकाकुवा पाळावा का? बापूबरोबरच्या चौदा वर्षांनंतरचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही दोघं सिडनीत दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहता, नवऱ्याने कुठेतरी गँग-गँगचं, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एका राखाडी काकाकुव्याचं, हातावर वाढवलेलं पिल्लू विकायला आहे असं बघितलं आणि तो त्याच्या प्रेमात पडला, आणि आता तुम्ही विचारताय की हा पक्षी बोलतो का, आवाज किती करतो, दोघं कामावर गेल्यावर एकटा राहील का, आणि बाहेर हेच पक्षी कमी होत असताना घरात एक आणून ठेवणं बरं दिसतं का. उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

मी मूळची मिरजेची, पण गेली बरीच वर्षं क्वीनबियनला राहते, म्हणजे गाव कॅनबेराला खेटून पण हद्द न्यू साउथ वेल्सची, आपलं सांगली-मिरज असतं तसंच. २०११ मध्ये आमच्याकडे एक नर गँग-गँग आला, त्याचं नाव बापू. नाव असं का, तर फोटो बघितला असेल तुम्ही, अंग सगळं राखाडी कोट घातल्यासारखं आणि डोकं लालभडक, त्यावर पुढे वळलेला विस्कटलेला तुरा. पूर्ण लाल डोकं यायला तीन-चार वर्षं लागतात, आला तेव्हा फक्त कपाळावर आणि तुऱ्यात थोडा लाल होता, म्हणजे फेटा बांधायला सुरुवात केली आणि मधेच कुणीतरी बोलावलं म्हणून उठून गेला असा अवतार. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, फेटा ठीक आहे पण माणसाने विंचरावं तरी. आणि दुसऱ्या दिवशी त्यांची खरी तक्रार, हा डाव्या हाताने जेवतो! खरंय ते, गँग-गँग जवळपास सगळेच डावखुरे, दाणा डाव्या पायात धरणार. त्यांनी आठवडाभर उजव्या बाजूने शेंग देऊन बघितली, त्याने प्रत्येक वेळी चोचीत घेऊन डाव्या पायात बदली केली, शेवटी त्यांनीच नाद सोडला.

आधी सोप्या प्रश्नांची उत्तरं. बोलतो का? फारसा नाही. बापू तीन शब्द बोलतो, त्यातला एक फक्त आम्हालाच कळतो. बोलका पोपट हवा असेल तर हा पक्षी नाहीच. त्याचा स्वतःचा आवाज म्हणजे गंजलेल्या बिजागरीचं दार कुणीतरी सावकाश उघडतंय तसा, कर्रर्र करून शेवटी वर जाणारा. पांढरे पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे किंवा कोरेला (तीही काकाकुव्याचीच एक पांढरी जात) जी बोंब मारतात तेवढा मोठा नाही, पण सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी हमखास, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या फ्लॅटमध्ये पलीकडच्याला तो नक्की ऐकू जाणार. चावतो का? हो. पिल्लू असताना नाही, वयात आला की वसंतात चावतो, आणि ती चोच निलगिरीची टणक बोंडं फोडायला बनलेली आहे एवढं लक्षात ठेवा. घाण करतो का? काकाकुव्यांच्या अंगावर एक प्रकारची पांढरी पावडर असते, पिसांमधून सतत झडत असते, ती टीव्हीवर, पुस्तकांवर, देव्हाऱ्यातल्या गणपतीवर सगळीकडे बसते. घरात कुणाला दमा असेल तर विषय इथेच संपवा.

आता अवघड प्रश्न, एकटा राहील का. इथे मी माझी चूक सांगते कारण त्याशिवाय कळणार नाही.

२०१३ मध्ये मी शिफ्टची नोकरी धरली. बापू नऊ-नऊ तास एकटा, मोठा पिंजरा, वाटीभर सूर्यफुलाच्या बिया, दोन रंगीत प्लास्टिकची खेळणी, रेडिओ चालू. मला वाटायचं की याच्यापेक्षा काय हवं, आमच्या लहानपणी पोपट गोल पिंजऱ्यात हिरवी मिरची खाऊन वीस वर्षं काढायचे. मग एक दिवस पिंजऱ्याच्या तळाला बारीक राखाडी पिसं दिसायला लागली. मी म्हटलं झडतायत, नवी येतील. दोन आठवड्यांत छातीवर तळहाताएवढी जागा उघडी पडली, सोललेल्या कोंबडीसारखी, आणि मी कामावरून आले तेव्हा तो स्वतःच शांतपणे एकेक पीस धरून उपटत होता, जसं कुणी गप्पा मारता मारता मेथी निवडावी. आधी ज्या दवाखान्यात नेलं तिथे गळ्यात कॉलर घालून पाठवलं, त्याने तो दोन दिवस जेवलाच नाही, मी काढून टाकली. मग पक्ष्यांच्याच डॉक्टरकडे गेलो, तिने रक्त तपासलं, चोच-पिसांच्या व्हायरसची टेस्ट केली, जस्त बघितलं, सगळं ठीक, फक्त वजन जास्त. आणि मग तिने मला एकच विचारलं, दिवसभर याच्या चोचीला काम काय असतं?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाटीतल्या बिया तो किती वेळात संपवतो ते मी दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून बघितलं, तर बारा मिनिटं. म्हणजे उरलेला दिवस हा काय करणार, तर पिसं उपटणार.

तो एप्रिल महिना होता, इथला शरद ऋतू, आणि कॅनबेरात त्या वेळी जंगली गँग-गँग शहरात दिसायला लागतात कारण थंडी पडायला लागली की डोंगरातले बरेच थवे खाली उतरतात. मी सुट्टीच्या दिवशी कॅनबेरातल्या रेड हिल टेकडीवर जाऊन बसायला लागले. लोक दुर्बिणी घेऊन जातात, पण गँग-गँगला त्याची गरज नाही, हा पक्षी माणसाला इतका कमी घाबरतो की तो जेवत असेल तर तुम्ही झाडाखाली जाऊन उभं राहिलात तरी तुमच्याकडे एक डोळा करून बघतो आणि परत जेवायला लागतो. उलट तो सापडणंच अवघड, कारण खाताना आवाज करत नाही, तुम्ही चालत असता आणि अचानक रिमझिम पाऊस पडल्यासारखं डोक्यावर काहीतरी पडायला लागतं, वर बघावं तर पाच-सहा जण फांदीवर बसून कचरा खाली टाकतायत. त्या दिवशी हॉथॉर्नचं झाड होतं, लाल बोरांसारखी फळं लगडलेली. एक मादी माझ्यापासून दोन मीटरवर. मादीचं डोकं लाल नसतं, राखाडीच, पण छातीवर नारिंगी-पिवळसर आडव्या रेघा, मला विचाराल तर नरापेक्षा सुंदर. ती एक देठ तोडायची, डाव्या पायात धरायची, फळ गोल फिरवून गर सोलून फेकून द्यायची आणि आतली बी फोडून खायची. गर फेकायचा आणि बी खायची! माणूस बरोबर उलटं करतो. एका फळाला एवढे सोपस्कार, मग देठ टाकायचा, पुढचं फळ. मी पावणेदोन तास बसले, माझे पाय बधिर झाले, तिचं चालूच होतं.

तेव्हा मला डॉक्टरचं म्हणणं समजलं. या पक्ष्यासाठी पोट भरणं आणि वेळ घालवणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. दिवसातले कित्येक तास तोडा, सोला, फोडा, फेका, आणि तेही चार जणांच्या संगतीत. मी त्याला सोललेलं, तयार, वाटीत वाढलं होतं, म्हणजे त्याची नोकरीच काढून घेतली होती आणि पगार तेवढा चालू ठेवला होता. पक्षी पाळणाऱ्या इथल्या लोकांना हे माहितीच असतं, गँग-गँग रिकामा बसला की पिसं उपटतो ही या जातीची प्रसिद्ध खोड आहे, पण विकणारा हे सांगेलच असं नाही.

मग आम्ही वाटी बंद केली. आजही आमच्याकडे वाटी नाही. रोज सकाळी ताज्या फांद्या, निलगिरीच्या बोंडांसकट, वॉटलच्या शेंगांसकट (वॉटल म्हणजे आपल्या बाभळीच्या जातकुळीतलंच झाड), सुरूची फळं, पाइनचे कोन, शरदात हॉथॉर्न. रस्त्याकडेच्या झाडांच्या आणू नका कारण तिथे फवारणी असते, आणि राखीव रानातून तोडायला परवानगी नाही, त्यामुळे मी आधी शेजारणींच्या बागा जोडल्या, आता आमच्या मागच्या अंगणात त्याच्यासाठीच चार झाडं लावलीयत. फांद्या नीट धुऊन द्यायच्या, जंगली पक्ष्यांची शिट त्यावर असू शकते. पेलेट्स (पक्ष्यांच्या तयार खाण्याच्या गोळ्या) पुठ्ठ्याच्या नळीत भरून दोन्ही तोंडं दाबायची, मोड आलेले मूग-मटकी कागदात पुडी बांधून टांगायची, वाण्याच्या पुडीसारखी, ती पुडी सोडवण्यात त्याचा अर्धा तास जातो. लाकडी कपड्यांचे चिमटे तो महिन्याला शंभराचं पाकीट संपवतो. पूर्वी टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी यायची ती याची सगळ्यात आवडती होती, एका आठवड्यात अख्खं शहर फाडायचा, आता ती येत नाही याचं दुःख या घरात फक्त बापूला आहे. आणि मी नोकरी बदलली, हे पण सांगते, नुसत्या फांद्यांनी झालं नाही. नवी पिसं पूर्ण यायला आठ-नऊ महिने गेले आणि डाव्या मांडीवरची एक जागा अजून उघडीच आहे, तिथली मुळंच खराब झाली.

खाण्याचं थोडं वेगळं सांगते कारण आपली मराठी स्वयंपाकघरं. सूर्यफुलाच्या बिया म्हणजे याचे वडापाव, आवडीने खाणार आणि लठ्ठ होणार, यकृताला चरबी धरणार, शिवाय त्यात अ जीवनसत्त्व जवळपास नाही. शेंगदाणे मी देत नाही, बुरशी डोळ्याला दिसत नाही आणि तिचं विष यकृतावर जातं. अव्होकॅडो आणि चॉकलेट अजिबात नाही. मिरची खुशाल द्या, पक्ष्यांना तिखट लागतच नाही, बापू बियांसकट लवंगी खातो आणि पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. पण सगळ्यात मोठा धोका खाण्यात नाही, तव्यात आहे. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याच्या थरातून जो वायू निघतो त्याने पक्षी काही मिनिटांत मरतो, दुसऱ्या खोलीत असला तरी. माझ्या ओळखीच्या एका घरात डोशाचा तवा गॅसवर विसरला आणि दोन कॉकटील (लहान काकाकुवे) गेले. आमच्याकडे सगळं बिडाचं आणि स्टीलचं आहे. उदबत्ती, धूप, कापूर बंद. गणपतीत दहा दिवस बापू मागच्या खोलीत, मधलं दार बंद, आरतीचा आवाज ऐकून तिकडून कर्रर्र करत साथ देतो.

पिंजरा म्हणाल तर आतला फक्त झोपायला, दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते. दिवस बाहेरच्या एव्हियरीत, म्हणजे अंगणातल्या जाळीच्या खोलीत, पाच मीटर लांब, उडता येईल एवढी. पक्ष्याच्या किमतीपेक्षा त्या एव्हियरीला जास्त पैसे गेले. जाळी स्टेनलेस घ्या, स्वस्त गॅल्व्हनाइज्ड जाळीवरचं जस्त तो चावून चावून पोटात घालतो. आणि छप्पर पत्र्याचं, जाळीचं नाही. हे छप्पर का ते सांगते, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

पहिल्या वर्षी आमच्या एव्हियरीला वरून नुसती जाळी होती. हिवाळ्यात एका सकाळी बापूच्या हाकेला वरून उत्तर आलं, तसंच गंजक्या दाराचं, आणि बघते तर दोन जंगली माद्या आणि एक नर जाळीवर येऊन बसलेले. मी बिनचपलेची दवात उभी, हातात दुधाचा कप, वीस मिनिटं हलले नाही. बापू खालून, त्या वरून, तुरे फुलवून एकमेकांकडे बघतायत. फोटो काढून मिरजेला पाठवले, सगळ्यांनी कौतुक केलं. डॉक्टरला दाखवले तर ती म्हणाली, छप्पर घाला, आजच. काकाकुव्यांमध्ये चोच-पिसांचा जो रोग आहे, ज्यात पिसं वेडीवाकडी येतात, चोच मऊ होऊन तुटते, प्रतिकारशक्ती जाते, त्याचा व्हायरस शिटेतून आणि पिसांच्या धुळीतून पसरतो, ऑस्ट्रेलियातल्या जंगली काकाकुव्यांमध्ये तो भरपूर आहे आणि त्याला औषध नाही. म्हणजे वरून पडणारी एक शिट बापूला संपवू शकली असती. आणि उलटही खरं, पाळलेला आजारी पक्षी बाहेर सुटला तर तो रोग रानात नेऊ शकतो. तेव्हापासून पत्रा आहे. ते अजून येतात, समोरच्या लिक्विडअँबरच्या झाडावर बसून त्याची काटेरी फळं फोडतात, बापूशी बोलतात, आमच्या पत्र्यावर कचरा टाकतात, आणि मध्ये आठ-दहा मीटरचं अंतर राहतं.

लोक मला विचारतात, सोडून का देत नाही त्याला त्यांच्यात. नाही देत, कारण हातावर वाढलेल्या पक्ष्याला ससाणा म्हणजे काय माहीत नाही, तो थव्यात न जाता कुणाच्या तरी खांद्यावर जाऊन बसेल, आणि तो सोडणं कायद्यानेही चालत नाही. बापू पिंजऱ्यात जन्मलेल्या आईबापांचा मुलगा आहे. त्याचं घर हेच. हे मला आवडतं असं नाही, पण आहे ते असं आहे.

आता बाहेरच्यांची परिस्थिती. गँग-गँग हा कॅनबेराच्या प्रदेशाचा मानाचा पक्षी, तिथल्या उद्यान विभागाच्या बोधचिन्हावर तोच, त्यामुळे इथल्या लोकांना वाटायचं की हा आहेच, असणारच. २०१४ मध्ये कॅनबेरा ऑर्निथॉलॉजिस्ट्स ग्रुप या इथल्या पक्षीनिरीक्षकांच्या संस्थेने आपल्या पन्नाशीनिमित्त लोकांकडून गँग-गँगच्या नोंदी गोळा केल्या, मीही आमच्या अंगणातल्या पाठवायचे. शहरात बरे दिसले, पण देशभराचा आकडा वेगळंच सांगतो, साधारण वीस वर्षांत संख्या ६९ टक्के घटली. मग २०१९-२० चे वणवे. तो उन्हाळा आम्ही विसरणार नाही, १ जानेवारी २०२० ला कॅनबेराची हवा जगातल्या सगळ्यात वाईट हवेत मोजली गेली, बापूला मी आतल्या बाथरूममध्ये ठेवला होता, दाराच्या फटीत ओले टॉवेल, एक्झॉस्टला टेप. २० जानेवारीला गारपीट झाली, गोल्फच्या चेंडूएवढ्या गारा, झाडांखाली मेलेले पक्षी. आणि आठवड्याभरात कॅनबेराजवळच्या नमाजी (Namadgi) राष्ट्रीय उद्यानात आग लागली, त्यात उद्यानाचा जवळपास ८० टक्के भाग जळाला. ते सगळं गँग-गँगचं उन्हाळी घर. मार्च २०२२ मध्ये सरकारने या पक्ष्याला अधिकृतपणे एन्डेंजर्ड, म्हणजे धोक्यात आलेल्या जातींच्या, यादीत घातलं. त्या हिवाळ्यात अंगणात नेहमीचे सात-आठ यायचे तिथे तीन आले आणि मी त्या तिघांना रोज मोजायचे, जसं पूर आल्यावर आपण पायरी मोजतो.

खरी अडचण झाडांच्या ढोलीची आहे. घरटं बांधत नाही हा पक्षी, निलगिरीच्या म्हाताऱ्या झाडात ढोली लागते, आणि तशी ढोली तयार व्हायला शंभर-दीडशे वर्षं जातात. नर-मादी दोघं आळीपाळीने उबवतात, दोनच अंडी बहुतेक. त्याच ढोलीसाठी पॉसम (झाडावर राहणारा रात्रीचा प्राणी), पांढरे काकाकुवे, मधमाश्या सगळे रांगेत. एक म्हातारं झाड ‘धोकादायक फांदी’ म्हणून कापलं की दीडशे वर्षांचं काम गेलं. तुमच्या सोसायटीच्या आवारात असं झाड असेल तर मीटिंगला जाऊन हात वर करा, त्याने गँग-गँगचं जेवढं भलं होईल तेवढं माझ्या बापूमुळे होत नाही. हो, पाळलेल्या पक्ष्याने जंगलातल्याचं संवर्धन होतं वगैरे विकणारे सांगतात, माझ्या मते ते धंद्याचं बोलणं आहे. बापूमुळे एवढंच झालं की मी वर बघायला शिकले.

सिडनीत राहता तर तुम्हाला आणखी एक नातेवाईक फुकट बघायला मिळतो, तो पिवळ्या तुऱ्याचा पांढरा. दक्षिण सिडनीत त्यांनी कचऱ्याच्या डब्यांची झाकणं उघडायची विद्या एकमेकांचं बघून शिकून घेतली, २०१८ च्या आधी तीन उपनगरांत दिसायची ती २०१९ च्या अखेरीस ४४ उपनगरांत पोचली, त्यावर २०२१ मध्ये ‘सायन्स’मध्ये शोधनिबंध आला. लोक डब्यावर विटा ठेवतात, ते विटा ढकलतात. हे डोकं बघा आणि मग विचार करा की तसंच डोकं नऊ तास तुमच्या हॉलमध्ये सोफ्यासमोर बसलंय.

पुण्या-मुंबईहून पण मला मेसेज येतात, तिकडे गँग-गँग नाही, अम्ब्रेला, मोलुक्कन वगैरे काकाकुवे विकतात, लाखाच्या वर सांगतात. ऑस्ट्रेलियातून जिवंत देशी पक्षी विकायला बाहेर न्यायला बंदी आहे, त्यामुळे ‘थेट ऑस्ट्रेलियाहून आणलाय’ असं म्हणणारा एक तर खोटं बोलतोय नाही तर चोरीचा माल विकतोय. मोलुक्कन तर साइट्सच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. भारतात वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ च्या नियमांनी अशा विदेशी पक्ष्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली, ती कागदपत्रं मागा, नसतील तर उठून या. आणि आपला साधा हिरवा पोपट पाळणं तर भारतात गुन्हाच आहे, माझ्या लहानपणीचा मिरजेच्या माडीवरचा पोपट धरून.

आयुष्याचं पण बघा. शिकागोच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात कुकी नावाचा गुलाबी काकाकुवा होता (त्याच जातीला पूर्वी मेजर मिचेल म्हणायचे, आता बर्डलाइफ ऑस्ट्रेलिया या पक्षीसंस्थेने ते नाव सोडलंय), १९३३ मध्ये जन्मला आणि २०१६ मध्ये गेला, ८३ वर्षांचा होऊन. गँग-गँग एवढा जगेल असं मी म्हणत नाही, पण काही दशकांचा हिशोब धरावा लागतो. आमच्या मृत्युपत्रात बापूचं नाव आहे, तो कुणाकडे जाणार आणि त्याच्या फांद्यांचा खर्च कुठून येणार ते लिहिलंय. वकील हसला होता, हसू दे.

तर तुमच्यासाठी माझं मत, दोघं दिवसभर बाहेर, फ्लॅट, बाल्कनी किती ते तुम्ही लिहिलं नाही पण पाच मीटर नसणार, तर गँग-गँग आत्ता घेऊ नका. नवऱ्याला पक्षी हवाच असेल तर कॉकटील बघा, तोही काकाकुव्याच्याच कुळातला, सगळ्यात लहान, जोडीने ठेवला तर तुमच्या वेळापत्रकात बसू शकतो, आणि त्यालाही फांद्या द्याच. नवऱ्याला एकदा मे महिन्यात कॅनबेराला घेऊन या, लाल फळांचं हॉथॉर्न दाखवते, पावणेदोन तास बसायची तयारी ठेवा म्हणावं, खाली पसरायला जाड काहीतरी आणा कारण गवत ओलं असतं.

आणि एवढं सगळं वाचूनही पिल्लू बघायला जाणारच असाल (मी गेलेच असते, मला माहीत आहे), तर सकाळी जा म्हणजे आवाज ऐकायला मिळेल, त्याचे आईबाप दाखवा म्हणून सांगा आणि त्यांच्या छातीकडे नीट बघा. गँग-गँगला लायसन्स लागतं, विकणाऱ्याचं पण आणि तुमचं पण, तुमचं आधी काढा. चोच-पिसांच्या रोगाचा टेस्ट रिपोर्ट लेखी मागा, तोंडी ‘एकदम हेल्दी आहे’ चालणार नाही. स्ट्राटाला (म्हणजे तुमच्या इमारतीच्या सोसायटीला) आधी मेल टाका. आणि पिल्लाला काय खायला घालता हे विचारलं आणि समोरच्याने वाटीभर सूर्यफूल दाखवलं, तर पैसे खिशातच राहू द्या.